क्लब गावाचा कसा होतो? काऊनासच्या बास्केटबॉलवरून सुरू केलेला धागा

हिरवा_स्कार्फ

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो.

लिथुआनियातल्या काऊनासमध्ये मी वैद्यकीय शिक्षणासाठी आलो तेव्हा बास्केटबॉलशी माझा संबंध शाळेच्या मैदानावरच्या वाकलेल्या रिंगेपुरता होता. पहिल्याच हिवाळ्यात घरमालकीण आजींनी विचारलं, "झाल्गिरिसचा सामना पाहिलास का?" झाल्गिरिस हा इथला बास्केटबॉल क्लब. मी नाही म्हणालो. पंढरपुरात राहून देवळाची पायरी न चढलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या सामन्याला मला सोबत घेऊन गेल्या.

तो २०२१-२२ चा हंगाम होता. संघाची अवस्था वाईट होती. युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, हरण्यामागून हरणं चाललं होतं, आणि त्याच वर्षी कित्येक वर्षांनी देशातली लीगही हातची गेली. अशा संघाला बघायला कोण येणार, असं मला वाटत होतं. स्टेडियम नेमुनास नदीतल्या बेटावर आहे. पादचारी पुलावरून आम्ही निघालो आणि पुढे-मागे बघतो तर माणसांचा लोंढा. गळ्यात हिरवे-पांढरे स्कार्फ. कडेवरची पोरं, काठी टेकत चालणारे आजोबा, ऑफिसातून थेट आलेल्या बायका. आत कोट ठेवायला भली मोठी रांग. लसूण चोळून तळलेल्या काळ्या पावाचा वास सगळीकडे. संघ त्या दिवशीही हरला. शेवटच्या दोन मिनिटांत निकाल उघड झाला होता, तरी आमच्या रांगेतलं कुणी उठलं नाही. शिट्टी वाजल्यावर सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या.

आजींच्या शेजारची खुर्ची, म्हणजे जिच्यावर मी बसलो होतो ती, त्यांच्या यजमानांची. ते जाऊन काही वर्षं झाली. आजी अजून दोन्ही खुर्च्यांचं हंगामाचं तिकीट काढतात. एरवी त्या खुर्चीवर त्यांचा स्कार्फ घडी करून ठेवतात.

तेव्हापासून मला एकच प्रश्न पडलाय. हे क्लब लोकांच्या घरात इतके आत जातात कसे? माझ्या परीने शोधलं ते मांडतो.

इथे बास्केटबॉल रुजला तो १९३७ च्या युरोपीय अजिंक्यपदापासून. १९३९ ची स्पर्धा काऊनासलाच होती आणि तिच्यासाठी शहराने ओकच्या झाडीजवळ खास बास्केटबॉलसाठी हॉल बांधला. लाटव्हियाला ३७-३६ असं हरवून लिथुआनिया पुन्हा जिंकला. त्या संघाचा म्होरक्या प्रानास लुबिनास जन्माने अमेरिकेचा, १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्णपदक जिंकलेला. पुढच्याच वर्षी देश सोव्हिएत संघाने गिळला. १९४४ मध्ये क्लब निघाला त्याचं नाव झाल्गिरिस, म्हणजे १४१० च्या ज्या लढाईत लिथुआनिया-पोलंडने ट्युटॉनिक या जर्मन सरदारांना हरवलं तिचं नाव. जर्मनांच्या पराभवाची आठवण असल्यामुळे मॉस्कोलाही त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. इथल्या माणसाला मात्र त्या नावात आपला देश ऐकू येई.

मग १९८५, ८६ आणि ८७. झाल्गिरिसचा खेळाडू अर्विदास साबोनिस, उंची २ मीटर २१ सेंटिमीटर. सलग तीन वर्षं मॉस्कोच्या लष्करी संघाला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद. आजी तेव्हा तिशी-पस्तिशीत होत्या. "झेंडा लावता येत नव्हता, हिरवा स्कार्फ घालता येत होता," एवढंच त्या म्हणतात. तिकिटासाठी त्या आणि त्यांचे यजमान आळीपाळीने रांगेत उभे राहिले होते.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. १९९९ मध्ये म्युनिकला बोलोन्याच्या संघाला हरवून झाल्गिरिस युरोपचा विजेता झाला. तिथून घसरण लागली. २०१३ मध्ये तेव्हाच्या मालकाची बँक बुडाली आणि क्लबच्या तिजोरीत खडखडाट झाला. याच काळात २०११ साली नवं स्टेडियम उभं राहिलं होतं, १५ हजारांहून जास्त खुर्च्यांचं. शहराची वस्ती किती, तर ३ लाखांच्या आसपास! जुन्या हॉलच्या तिपटीने मोठं स्टेडियम आणि हातात पैसा नाही. अशा वेळी क्लबने महागडे खेळाडू आणायचा नाद सोडला आणि सामन्याची संध्याकाळ नीट करायला घेतली. खाणंपिणं, आवाज, मुलांची सोय, स्वस्त वरच्या रांगा. कोच आणला तो घरचा. शारूनास यासिकेविचियस याच शहरात वाढलेला. २०१८ मध्ये बेलग्रेडला झालेल्या युरोलीगच्या अंतिम चौघांत संघ तिसरा आला. आज युरोपातल्या सर्वाधिक प्रेक्षक खेचणाऱ्या क्लबांत झाल्गिरिसचं नाव असतं.

तुम्ही जिथे आहात तिथलं काय पाहिलंत? लिहा.

अवखळ

सुंदर लिहिलंय. ती खुर्ची डोळ्यांसमोरून जात नाही.

पण एक शंका. हे सगळं इतिहासाने दिलेलं दान नाही का? समोर मॉस्को होता म्हणून हिरवा स्कार्फ झेंडा झाला. ज्या गावाला असा शत्रू नाही, असा साबोनिस नाही, त्यांनी काय करायचं? मला वाटतं, अशी गर्दी कुणी "तयार" करू शकत नाही. ती असते किंवा नसते.

स्वाननदीकाठ

अवखळ, तुमची शंका रास्त आहे, पण मी पर्थमध्ये राहते आणि इथे मी उलटं पाहिलंय.

ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला मॉस्को नाही. इथला खरा खेळ फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. शिवाय क्रिकेट. बास्केटबॉलने तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायचं. तरीही पर्थ वाइल्डकॅट्स या १९८२ साली निघालेल्या क्लबच्या सामन्याला लाल शर्टांनी स्टेडियम भरतं. प्रेक्षकांना 'रेड आर्मी' म्हणतात.

२०१२ मध्ये क्लब जुन्या साडेचार हजारांच्या आसपासच्या हॉलमधून शहराच्या मध्यातल्या नव्या स्टेडियममध्ये गेला. तिथे १३ हजार माणसं बसतात. म्हणजे तुमच्या काऊनाससारखीच तिप्पट उडी. लोक म्हणत होते, अर्धं रिकामं राहील. काही वर्षांत सरासरी १२ हजारांच्या वर गेली.

कसं, ते माझ्या घरातूनच सांगते. माझा मुलगा दुसरीत होता. शाळेत वाइल्डकॅट्सचे दोन खेळाडू आले. भाषण नाही, जाहिरात नाही. एकाने मुलांना चेंडू कसा धरायचा ते दाखवलं, दुसरा जमिनीवर मांडी घालून बसला आणि रोज सकाळी काय खातो ते सांगत राहिला. मुलगा घरी आला तो "आई, त्याचा हात माझ्या डोक्याएवढा आहे" हे सांगत. त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा सामन्याला गेलो. तोच खेळाडू सामना संपल्यावर कठड्याशी येऊन पोरांना सह्या देत होता आणि पाय दुखत असूनही रांग संपेपर्यंत हलला नाही.

इथे शाळा, रुग्णालयं, लांबच्या वस्त्या यांना भेटी देणं हे खेळाडूच्या कामातच धरलेलं असतं. वाटलं तर केलं, असं नाही. वर्षानुवर्षं, संघ कसाही खेळत असो.

खाडीपलीकडे

स्वाननदीकाठ, मान्य. पण वाइल्डकॅट्स जिंकतही होते हे विसरू नका. १९८७ ते २०२१, सलग ३५ हंगाम ते बाद फेरीत पोचले आणि १० विजेतेपदं घेतली. एवढं यश असेल तर शाळेच्या भेटी न करताही लोक येतील की.

स्वाननदीकाठ

येतील, पण टिकतील का? २०२२ मध्ये ती ३५ वर्षांची मालिका तुटली. आमच्या ओळीतल्या एकानेही हंगामाचं तिकीट सोडलं नाही. आमच्या मागे बसणारं जोडपं त्या वर्षी तान्ह्या बाळाला कानांवर मोठे आवाजरोधक लावून घेऊन येत होतं.

जिंकण्याने लोक पहिल्यांदा येतात, हे मी नाकारत नाही. दहाव्यांदा का येतात, ते वेगळं आहे.

बर्लिनकर_मावशी

माझं अर्धं आयुष्य बर्लिनमध्ये गेलं. इथे फुटबॉलपुढे कशालाच उभं राहता येत नाही. अल्बा बर्लिन हा क्लब १९९१ चा, नाव एका कचरा उचलणाऱ्या कंपनीवरून. त्यात कसला आलाय इतिहास!

या क्लबने धरलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. हेनिंग हार्निश नावाचा त्यांचा जुना खेळाडू, १९९३ च्या युरोपविजेत्या जर्मन संघातला. त्याने निवृत्तीनंतर मुलांचं काम अंगावर घेतलं. क्लबचे कोच बालवाड्यांत आणि शाळांत जाऊन रोजचा खेळाचा तास घेऊ लागले. श्रीमंत वस्तीतच नाही. जिथे आई-बाप दोन-दोन नोकऱ्या करतात, घरी पाच भाषा बोलल्या जातात, अशा भागांत आधी. प्रत्येक पोर खेळाडू होणार नाही हे त्यांनी पहिल्यापासून धरलेलं आहे. पण त्या पोराला कोचचं नाव माहीत असतं, आणि कोचच्या शर्टावर क्लबची खूण असते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. काही दिवसांतच अल्बाने यूट्यूबवर रोज एक खेळाचा तास सुरू केला. लहानांसाठी वेगळा, मोठ्यांसाठी वेगळा. माझी नात दिवाणखान्यात कोचसोबत बेडकासारख्या उड्या मारत होती आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी एकदाही तक्रार करायला आले नाहीत, कारण त्यांच्याकडेही तेच चाललं होतं. बर्लिनच काय, जर्मनीभरची मुलं तो तास करत होती. त्या काळात तिकीट विकायला सामनाच नव्हता. तरी क्लबने ते केलं.

मोरित्स आणि फ्रान्त्स हे वाग्नर बंधू अल्बाच्याच मुलांच्या संघांतून आले आणि २०२३ मध्ये जर्मनी विश्वविजेता झाला तेव्हा दोघेही संघात होते. २०२४ मध्ये अल्बाच्या मुलींनी, म्हणजे महिला संघाने, जर्मन विजेतेपद आणलं. त्या सामन्यांना ज्या शाळकरी मुली किंचाळत होत्या, त्यांतल्या कितीतरी या खेळाच्या तासातूनच आलेल्या.

खाडीपलीकडे

आता माझं. मी कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या बाजूला राहतो. माझ्याकडे एक कडू आणि एक गोड, दोन्ही गोष्टी आहेत.

कडू आधी. गोल्डन स्टेट वॉरियर्स अनेक दशकं ओकलंडमध्ये खेळत. संघ वर्षानुवर्षं हरायचा तेव्हाही तिथला आवाज प्रसिद्ध होता. मग संघ मोठा झाला, विजेतेपदं आली आणि २०१९ मध्ये क्लब खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या चकचकीत स्टेडियममध्ये गेला. खुर्च्या आजही भरतात. पण माझा शेजारी, बस चालवून निवृत्त झालेला, वाईट वर्षांत प्रत्येक सामना पाहिलेला माणूस, तिकडे एकदाही गेला नाही. परवडत नाही म्हणाला. नंतर हळू आवाजात म्हणाला, "त्यांनी आम्हाला विचारलंही नाही." म्हणून नुसतं 'स्टेडियम भरलं' हे माप मला पुरत नाही. कोणी भरलं, तेही बघावं.

याहून वाईट सिएटलचं. ४१ हंगाम खेळलेला, १९७९ ला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत मोठी बास्केटबॉल लीग, जिंकलेला सोनिक्स संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलला. तिथल्या लोकांचं प्रेम काय कमी होतं? क्लब कागदोपत्री एका मालकाचा असतो तेव्हा प्रेमाला मत नसतं.

आता गोड. २०२५ मध्ये इथे महिलांचा नवा संघ आला, गोल्डन स्टेट वाल्किरीज. इतिहास शून्य. पहिल्याच हंगामातले घरचे सगळे, २२ च्या २२ सामने खचाखच, प्रत्येकी १८,०६४ माणसं. मी मुलीला घेऊन चार सामन्यांना गेलो. जांभळ्या रंगाचा समुद्र. आणि आवाजाचा पोतच वेगळा, कारण बायका-मुली बहुसंख्य. माझ्या मुलीच्या शेजारी पन्नाशीच्या दोन बाई होत्या. त्या कॉलेजात खेळायच्या. एक रडत होती. मुलीने मला विचारलं, या हरल्यावर रडतात का? तेव्हा आपण जिंकत होतो.

बाद फेरीतला घरचा सामना दुसरीकडे घ्यावा लागला, कारण त्या तारखांना स्टेडियम टेनिसला दिलेलं होतं. सॅन होजेला, लांब. सगळी गर्दी तिकडे गेली. ७५-७४ ने हरलो. एका गुणाने.

तेव्हा अवखळ, इतिहास नव्हता तरी भूक होती. ती भूक वर्षानुवर्षं तिथेच होती, तिला कुणी ताट वाढलं नव्हतं.

अवखळ

माझं मत बदलतंय, हे कबूल करतो. मावशींचं बालवाडीचं वाचून विशेष.

जिमखाना_जुना

सगळ्यांना नमस्कार. मी पुण्यात शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो, तीस वर्षं झाली.

तुमचं वाचून आनंद झाला आणि पोटात तुटलंही. आपल्याकडे खेळ नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईच्या नागपाड्याने देशाला किती खेळाडू दिले! भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते, तिथलेच. त्या मैदानाभोवती संध्याकाळी चाळीतले लोक उभे राहून सामने बघत, मी तरुणपणी स्वतः पाहिलंय. प्रत्येकाला प्रत्येक पोराचं घर माहीत होतं. तुम्ही सगळे जे सांगताय ते याहून वेगळं काय आहे?

मग २०१५ च्या सुमारास व्यावसायिक लीग आली, पुण्याच्या नावाचाही संघ होता. माझ्या तीस-चाळीस विद्यार्थ्यांपैकी एकाला त्यातल्या खेळाडूचं नाव सांगता येत नव्हतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीत एनबीएचे दोन सामने झाले, सॅक्रामेंटो आणि इंडियाना या संघांचे. पहिला सामना पोरांसाठीच होता, हजारो शाळकरी मुलं, आणि ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा संपला. अंगावर काटा येणारी गोष्ट. पण दोन दिवसांनी सगळे निघून गेले.

मला मोठ्या स्टेडियमचा सल्ला नको. माझ्या कोर्टाच्या कडेला रविवारी पंधरा-वीस पालक असतात, तेही आपल्या पोराचा सामना संपला की स्कूटर सुरू करतात. त्यांना थांबवायचं कसं, एवढं सांगा.

हिरवा_स्कार्फ

काका, पाया पडतो. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा आहे.

आधी एक योगायोग सांगतो. वरळीत इंडियानाकडून खेळायला दोमान्तास साबोनिस आला होता. अर्विदासचा मुलगा. आजींना हे सांगितलं तर त्यांनी नकाशावर मुंबई शोधून काढली.

तुमचा प्रश्न मी परवा आजींनाच विचारला. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा गेले तेव्हा मला खेळातलं काही कळत नव्हतं. शेजारची बाई सांगत गेली, हा अमक्याचा मुलगा, याची आई आमच्या बेकरीत. मग मी बेकरीत गेले की सामन्यावर बोलायचो." बस. त्यांच्या बोलण्यात डावपेच नाहीत, विजेतेपदंही नाहीत. कुणाचा कोण, हे आहे.

माझं सुचवणं असं. प्रत्येक पोराचं नाव आणि त्याची गल्ली किंवा सोसायटी मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा. सामन्याआधी एकेकाला नावानिशी पुढे बोलवा, माईक नसला तरी. आणि सामने असे लावा की धाकट्यांचा सामना मोठ्यांच्या दोन सामन्यांच्या मध्ये येईल. पालक आपोआप आधी येतील आणि नंतरचं थोडं बघतील.

स्वाननदीकाठ

आणि मोठ्या मुलींना धाकट्यांच्या सामन्यात पाणी द्यायला, गुण लिहायला बसवा. माझ्या मुलाला त्या उंच खेळाडूने जे दिलं ते तुमच्या पंधरा वर्षांच्या मुली आठ वर्षांच्या मुलींना देतील. आठ वर्षांची मुलगी मग ताईचा सामना बघायला हट्टाने थांबेल, आणि तिला घ्यायला आलेला बाबाही.

बर्लिनकर_मावशी

बसायला काहीतरी द्या हो! उन्हात उभं कोण राहणार? आणि चहा.

जिमखाना_जुना

तीन आठवड्यांनी लिहितोय. म्हटलं, कळवायला हवं.

शेजारच्या मंगल कार्यालयातून सतरंज्या आणि दहा बाकं मागून आणली. झाडाखाली लावली. फळ्यावर नावं आणि त्याखाली सोसायटी, वस्ती, सगळं लिहिलं. एका मुलीचे वडील कोपऱ्यावर वडापावची गाडी लावतात, तिच्या नावाखाली मुलांनी आपण होऊन गाडीचं चित्र काढलं. वडील त्या रविवारी गाडी बंद ठेवून आले होते. मुलीने बास्केट केला तेव्हा तीन वेगवेगळ्या सोसायट्यांची माणसं तिच्या नावाने ओरडली.

मोजले नाहीत, पण बाकं कमी पडली. शेवटच्या सामन्यापर्यंत निम्मे तरी थांबले. एक आजोबा, ज्यांचं कुणीच खेळत नव्हतं, नुसते फिरायला आले होते ते, मला विचारून गेले की पुढच्या रविवारी किती वाजता.

साडेसातला, म्हणून सांगितलंय. आणखी पाच बाकं बघतोय.